सगळे आजारी न पडताच साथ कशी ओसरते?

प्रश्न: सर, कोरोनात टीव्हीवर ते ग्राफ दाखवायचे ना, वर जाऊन खाली येणारे, पण सगळ्यांना लागण व्हायच्या आधीच साथ खाली कशी येते?

उत्तर: याचं गणित १९२७ सालचं आहे, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांचं, आणि गंमत म्हणजे त्यांनी ते ताडून पाहिलं आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंच्या आकड्यांवर! लोकांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकते असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा गेलेले. पहिला गट आटत गेला की एक आजारी माणूस सरासरी एकालासुद्धा लागण देऊ शकत नाही, तिथून साथ उतरते, बरेच जण न लागताच सुटतात. पण प्लेग पसरतो उंदीर-पिसवांमुळे, तो भाग मॉडेलमध्ये नीट नाहीच, म्हणून नुसता ग्राफ जुळला यावर मी तरी भाळणार नाही.