मुंबई ते लंडन: घड्याळ, वारा आणि दोरा

प्रश्न: मे महिन्यात मुलाकडे लंडनला जायचं आहे. तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ दुपारी १.१५ आणि पोहोचायची संध्याकाळी ६.३० आहे. म्हणजे सव्वापाच तासच? परतीचं विमान सकाळी ९.३० ला सुटून रात्री ११ ला येतं, म्हणजे साडेतेरा तास. शिवाय अंतर कुठे ७,२०० लिहिलेलं दिसतं, कुठे ३,८९०.
– एक वाचक, सातारा

उत्तर: तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. थेट वजाबाकी केली की हिशेब फसतो. आधी लंडनची वेळ आपल्या वेळेत आणा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिच्यात साडेचार तास मिळवायचे, एरवी साडेपाच. तुमचे संध्याकाळचे ६.३० म्हणजे आपले रात्रीचे ११. जाताना पावणेदहा तास झाले. परतीचे सकाळचे ९.३० म्हणजे आपले दुपारचे २, म्हणून येताना नऊ तास.

उरलेला पाऊण तास मुख्यतः वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात अधिकच. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरा. समोरून सरासरी ५० किमीचा वारा असला तर ७,२०० किमीला जवळपास साडेआठ तास लागतात, तोच पाठीशी असला तर साडेसात. यात चढणं-उतरणं आलं नाही, आणि धावपट्टीपर्यंतचं रखडणंही नाही. तिकिटावरचा वेळ मात्र विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर थांबलं की संपतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली तर उतरण्याआधी विमानाला शहराभोवती घिरट्या घालत थांबवतात, त्याचीही थोडी तजवीज त्यात असते. पासपोर्ट तपासणी आणि सामान त्यानंतर. मुलाला साडेसहाला दारात उभं करू नका.

अंतराचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ७,२०० किलोमीटर, ३,८९० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी.

प्रश्न: नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा इराक, तुर्कस्तान, बल्गेरियावरून जाते. हाच जवळचा मार्ग ना?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: नाही. सपाट नकाशात गोल पृथ्वी ताणलेली असते. ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा घट्ट ताणा. दोरा सुमारे १७ सेंमी भरेल, आणि एक सेंमी म्हणजे तिथे अंदाजे ४२५ किमी. आता तो कुठून जातो ते बघा: कराची, इराण, जॉर्जियातल्या तिबिलिसीचा परिसर, क्रिमिया, युक्रेन, पोलंड.

पण या दोऱ्यावरून आज विमान नेता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं. इराणवरचं आकाशही तणाव वाढला की बंद होतं. त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाण ७,२०० किमीपेक्षा लांबचं होतं, आणि भारतीय व ब्रिटिश कंपनीच्या विमानांचे मार्ग वेगळे असू शकतात. तिकीट काढताना किलोमीटर बघू नका, एकूण प्रवासवेळ बघा. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात कोणत्या वाटेने गेलं, हे विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दिसतं.