सांधेरोपणाची तारीख पुढे का जाते?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. सरकारी रुग्णालयात सांधेरोपणासाठी नाव नोंदवून चौदा महिने झाले. दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा ऐनवेळी रद्द झाली. एकदा अपघाताचे रुग्ण आले म्हणून, एकदा आईची साखर वाढलेली निघाली म्हणून. डॉक्टर वाढल्याशिवाय ही रांग कमी होणारच नाही का? तोवर आम्ही काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही लिहिलेली दोन्ही कारणे नेमकी आहेत, आणि त्या दोन्हींवर उपाय आहे.

सरकारी रुग्णालयात बहुधा एकाच शस्त्रक्रियागृहात अपघाताचे आणि नियोजित असे दोन्ही प्रकारचे अस्थिरुग्ण घेतले जातात. रात्री महामार्गावर अपघात झाला, की सकाळच्या यादीतले पहिले नाव बदलते, आणि हाड उघडे पडलेल्या जखमीला थांबवून ठेवूही नये. सरकारी सेवेत असताना पहाटेपासून उपाशी ठेवलेल्या एका आजींना ‘आज होणार नाही’ हे सांगायला मी दुपारी दोन वाजता त्यांच्या खाटेपाशी गेलो होतो. बांगड्या काढून त्यांनी रुमालात बांधून ठेवल्या होत्या. त्या रुमालाची गाठ सोडत त्यांनी विचारले, ‘मग पुढच्या सोमवारी का?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून सर्जन वाढवणे आवश्यक असले, तरी नियोजित सांधेरोपणासाठी वेगळे शस्त्रक्रियागृह आणि वेगळ्या खाटा राखून ठेवल्या नाहीत, तर वाढलेले सर्जनही अपघातांच्याच कामी लागतील. नैऋत्य लंडनमधील चार सरकारी रुग्णालय संस्थांनी एप्सम येथे २००४ साली नियोजित अस्थिशस्त्रक्रियांचे सामायिक केंद्र उभारले, ते याच विचाराने. आपल्याकडेही शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांनी मिळून असे केंद्र चालवावे आणि प्रत्येक सर्जनची वेगळी रांग न ठेवता सर्वांची एकच यादी करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण साखरेचे. भुलेसाठीची तपासणी पुष्कळदा दाखल झाल्यावर होते. तेव्हा साखर, रक्तदाब, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा पायावरची चिघळलेली जखम सापडली, तर कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका पत्करणे योग्य नसल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते आणि तो दिवस वाया जातो. हीच तपासणी सहा आठवडे आधी झाली, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. तुम्ही रुग्णालयाची वाट न पाहता आईची तीन महिन्यांची सरासरी साखर आताच तपासून घ्या आणि तिच्या दातांची तपासणीही उरका.

खर्चाविषयी थोडक्यात. ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली आहे. २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र गुडघ्याचे सांधेरोपण जवळच्या कोणत्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात होईल, हे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडेच प्रत्यक्ष विचारून घ्या.

तोवर आईला बसवून ठेवू नका, कारण मांडीचे स्नायू जितके खंगतील तितके शस्त्रक्रियेनंतर उभे राहणे अवघड जाते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. हे दिवसातून तीन वेळा, दहा-दहा दाबांनी करावे. काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी; बहुतेक जण नेमकी उलट धरतात. एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. साखरेच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना त्या फार महागात पडतात.

आणखी एक. दुसऱ्या कुणाची शस्त्रक्रिया रद्द झाली, की ती वेळ अनेकदा रिकामीच जाते. आईच्या तपासण्या पूर्ण झाल्या, की त्यांची फाइल घेऊन विभागातील यादी सांभाळणाऱ्या परिचारिकेला किंवा निवासी डॉक्टरांना भेटा, चालू दूरध्वनी क्रमांक नोंदवा आणि एका दिवसाच्या सूचनेवरही आम्ही येऊ, असे सांगून ठेवा.