शिकारीचा, शिकाऱ्याचा की शिकारी? एका पोशाखाच्या निमित्ताने

एका भाषांतरकार वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : आधुनिक फॅशनवर शिकारीच्या पारंपरिक कपड्यांची जी छाप पडली आहे, तिच्याविषयीचा एक लेख मराठीत आणताना ‘शिकारी पोशाख’, ‘शिकारीचा पोशाख’ आणि ‘शिकाऱ्याचा पोशाख’ या तिन्हींपैकी कोणता प्रयोग बरोबर मानावा, आणि त्याच लेखात वारंवार येणारा ‘सफारी’ हा शब्द आपल्या ‘सफर’वरून झाला आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणातच दडलेले आहे. ‘शिकार’ हे अकारान्त स्त्रीलिंगी नाम असल्यामुळे त्याचे सामान्यरूप ‘शिकारी-’ असे होते, जसे ‘भिंत’चे ‘भिंती-’. म्हणून शिकारीला जाणे, शिकारीचा नाद. ‘शिकारी’ हे मात्र ईकारान्त पुल्लिंगी नाम आहे आणि ते ‘माळी’, ‘धोबी’ यांच्या पंक्तीत बसते. माळ्याचा, धोब्याचा, तसे शिकाऱ्याचा. तेव्हा ‘शिकारीचा पोशाख’ म्हणजे शिकार या कामासाठी घालायचे कपडे आणि ‘शिकाऱ्याचा पोशाख’ म्हणजे शिकार करणाऱ्या माणसाचे कपडे. दोन्ही बरोबर आहेत, पण ते एक नव्हेत. हीच जोडी ‘पारध’ आणि ‘पारधी’ यांच्यातही दिसते : पारधीला निघणे वेगळे आणि पारध्याला भेटणे वेगळे. (जाता जाता : ‘शिकार’ फारसीतून आली, पण ‘पारध’चे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दात सांगतात. शिकारीला ‘पापाची वृद्धी’ असे नाव देणाऱ्याने आपले मत शब्दातच नोंदवून ठेवले म्हणायचे.)

उरला ‘शिकारी पोशाख’. इथे ‘शिकारी’ हे विशेषण आहे, आणि ‘लष्करी’, ‘सरकारी’, ‘मुलकी’ या शब्दांत जो संबंधदर्शक ईकार आहे तोच इथेही आहे असे म्हणता येते, त्यामुळे व्याकरणाची हरकत नाही. अडचण येते ती रूढीची. शिकारी कुत्रा, शिकारी पक्षी, शिकारी नजर या सगळ्या प्रयोगांत शिकार करण्याचा गुण त्या त्या विशेष्याकडेच असतो. त्याच कानाने ‘शिकारी जॅकेट’ ऐकले तर ते जॅकेटच दबा धरून बसले आहे की काय, असे क्षणभर वाटते. तरीही हा प्रयोग मी टाकाऊ मानत नाही. त्याची जागा कोणती, हे या कपड्यांचा इतिहास थोडा पाहिल्यावर आपोआप ठरते, कारण त्यांतील बहुतेकांची वाटचाल सारखीच आहे : आधी ते एका कामासाठी शिवले गेले, मग ते काम करणाऱ्या माणसाची ओळख बनले, आणि शेवटी काम आणि माणूस दोन्ही गळून केवळ शिवणीची धाटणी उरली.

‘सफारी’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे प्रवास. तो शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘सफर’ झाला आणि त्याच धातूपासूनचा ‘मुसाफिर’ही आपल्याकडे आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबांचा व्यापार शतकानुशतके चालत होता, त्यामुळे तिथल्या स्वाहिली भाषेतही अरबी शब्दांचा मोठा भरणा झाला, आणि तिथे ‘सफारी’ म्हणजे साधा प्रवास, मग तो कोणत्याही कारणासाठी असो. आजही स्वाहिलीत निघणाऱ्याला ‘सफारी न्जेमा’ म्हणतात, म्हणजे प्रवास सुखाचा होवो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीने हा शब्द उचलला आणि हळूहळू त्याला शिकारीच्या मोहिमेचा अर्थ चिकटला. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पूर्व आफ्रिकेत काढलेल्या मोहिमेसारख्या गाजलेल्या प्रवासांनी तो घट्ट केला. तेव्हा ‘सफर’ आणि ‘सफारी’ ही भावंडे खरी, पण सख्खी नव्हेत, चुलत. आपल्या ‘सफर’ला ईकार लावून मराठीने हा शब्द घडवला असता तर तो ‘सफरी’ झाला असता. ‘फा’तला काना त्याच्या आफ्रिकी मुक्कामाची खूण आहे.

त्या मोहिमांतील जॅकेट नीट न्याहाळण्यासारखे आहे. कापड सुती आणि रंग धुळीचा, म्हणजे खाकी. हा शब्दही ‘खाक’ या फारसी शब्दापासूनचा. सैन्यात हा रंग रुळण्याची सुरुवात १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन यांनी उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या तुकडीपासून मानतात, आणि लष्कराकडून तो शिकाऱ्यांकडे गेला. कमरेला त्याच कापडाचा पट्टा, खांद्यांवर बटणाने बंद होणाऱ्या पट्ट्या, आणि पुढे झाकणाचे चार मोठे खिसे. हे खिसे कापडावर सपाट शिवलेले नसून त्यांच्या कडेला घडी असते, त्यामुळे आत काडतुसे भरली की खिसा फुगतो आणि रिकामा झाला की पुन्हा अंगासरशी बसतो. इंग्रजीत याचे नाव लोहाराच्या भात्यावरून पडले आहे. मराठीत त्याला ‘भात्याचा खिसा’ म्हणावे, असे मी सुचवीन, आणि त्यात एक जादा लाभ आहे : मराठीत ‘भाता’ लोहाराचाही असतो आणि बाणांचाही. वारा भरणारी कातडी पिशवी आणि बाण ठेवणारी कातडी पिशवी या दोन्हींना एकच नाव आहे, आणि त्याचा संबंध संस्कृत ‘भस्त्रा’शी लावतात, ज्यावरून प्राणायामातील ‘भस्त्रिका’ आली. काडतुसांच्या खिशाला याहून समर्पक शब्द इंग्रजीलाही मिळालेला नाही. (‘काडतूस’ स्वतः पोर्तुगीजांकडून आलेले आहे, म्हणजे या एका खिशात किती देशांची माणसे कोंबून बसली आहेत पाहा.)

१९६८ मध्ये पॅरिसचे वस्त्रकार इव्ह साँ लोराँ यांचे ‘सहारियन’ नावाचे जॅकेट घातलेल्या व्हेरुश्का या मॉडेलचे छायाचित्र ‘व्होग’च्या फ्रेंच आवृत्तीसाठी काढले गेले. त्या जॅकेटला पुढे बटणांऐवजी काचलेली नाडी होती, कमरेवर पट्टा होता आणि मॉडेलच्या खांद्यांवर आडवी बंदूक होती. ती बंदूक मला महत्त्वाची वाटते, कारण कपड्याचा शिकारीशी असलेला संबंध प्रेक्षकाला दाखवण्यासाठी आता छायाचित्रात वेगळी बंदूक ठेवावी लागत होती. कपडा एकट्याने तो सांगेनासा झाला होता. पुढे ती बंदूकही गेली. मराठीत तर ‘सफारी’ म्हटले की जोडीच्या पँटसह शिवलेला अर्ध्या बाह्यांचा सूट डोळ्यांसमोर येतो आणि तो घालणाऱ्याला रानात जाण्याची गरज पडत नाही.

ब्रिटनमधील कपड्यांतही हाच क्रम आढळतो. नॉरफोक जॅकेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीच्या शिकारीसाठी रूढ झाले. त्याच्या पाठीला आणि छातीला उभ्या बॉक्स प्लीट असतात आणि वरून पट्टा येतो. या चुण्यांचे काम शोभेचे नव्हते : बंदूक उचलून खांद्याला लावताना कापड पाठीवर ताणले जाऊ नये, म्हणून तिथे घडीत जादा कापड राखून ठेवलेले असे. बंदुकीचा दस्ता जिथे टेकतो तिथे, उजव्या खांद्यावर, चामड्याचे ठिगळ असे, म्हणजे धक्क्याने आणि घर्षणाने कापड झिजत नसे. आजच्या काही जॅकेटांवर ही ठिगळे दोन्ही खांद्यांवर असतात. दोन्ही खांद्यांवर दस्ता टेकवून कोणी बंदूक चालवत नाही, तेव्हा दुसरे ठिगळ लागले त्या क्षणी ते कापड शिकारीचे राहिले नाही, शिकारी झाले, असे खुशाल म्हणावे.

ट्वीड या जाड लोकरी कापडाच्या नावाची कथा शब्दप्रेमींना आवडेल अशी आहे. तिरप्या विणीच्या कापडाला स्कॉट बोलीत ‘ट्वील’ म्हणत. १८३०च्या सुमारास लंडनमध्ये कोणीतरी ते ‘ट्वीड’ असे चुकीचे वाचले, आणि त्याच नावाची नदी कापडाच्या मुलखातूनच वाहत असल्यामुळे ही चूक सर्वांना पटली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मोठ्या इस्टेटींनी आपापल्या टेकड्यांच्या रंगाशी जुळणारे ट्वीड विणून घेतले. हेदर नावाचे जांभळ्या फुलांचे झुडूप, नेचे, खडक आणि वाळके गवत यांचे रंग एका धाग्यात मिसळलेले असत, म्हणजे हरणाच्या मागावर निघालेला माणूस उतारावर पडून राहिला की दिसत नसे. आज ‘ग्लेन चेक’ या नावाने सूटांवर दिसणारी बारीक-मोठी चौकडीही मुळात काउंटेस ऑफ सीफील्ड यांनी आपल्या रानाच्या राखणदारांना नेमून दिलेली होती. राखणदाराची खूण मंत्र्यांच्या अंगावर गेली, हा प्रवास उलट दिशेचा असल्यामुळे विशेष मौजेचा आहे, कारण बहुतेक फॅशन वरून खाली झिरपते, असे आपण धरून चालतो.

शिकारीचा पोशाख म्हणजे लपण्याचा पोशाख, असा सरसकट समज मात्र करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये घोड्यावर बसून कुत्र्यांसह कोल्ह्याची, काटेकोर बोलायचे तर खोकडाची, शिकार करत, तिथे लालभडक कोट घालत; लपायचे कारणच नव्हते, उलट धावपळीत एकमेकांना ओळखता यावे लागे. भाषांतरकाराने इथे सावध राहावे, कारण या लाल कोटाला इंग्रजीत ‘पिंक’ म्हणण्याची रीत आहे आणि त्याचे मराठीत ‘गुलाबी कोट’ झालेले मी वाचले आहे. पिंक नावाच्या शिंप्यावरून हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. बंदुकीच्या शिकारीत आज घालतात ते झगझगीत नारिंगी जाकीटही असेच, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरणांच्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे ते चालून जाते.

‘अनोरॅक’ आणि ‘पार्का’ या शब्दांना मी अधिक जागा देण्याचा आग्रह धरीन, कारण शिकारीच्या पोशाखाची चर्चा बहुधा साहेबाच्या कोटापाशी संपते. अनोरॅक हा ग्रीनलंडमधील मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट लोकांचा शब्द. पार्का हा सायबेरियातील नेनेत्स भाषेतून रशियन आणि अल्यूट या भाषांमार्गे इंग्रजीत आला. सील मारण्यासाठी कयाक या अरुंद होडीतून बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या टोपीच्या कडेचा किंवा छातीवर उघड न ठेवलेल्या शिवणीचा प्रश्न हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. पुढे बटणे किंवा फट नसलेला, डोक्यातून चढवायचा हा अंगरखा वारा आत शिरू देत नाही, आणि चेहऱ्याभोवती वूल्व्हरिन या उत्तरेकडील दाट केसांच्या प्राण्याच्या कातडीची झालर लावतात, ती अशासाठी की तिच्यावर श्वासाचे हिम साचले तरी ते झटकून टाकता येते. हिवाळी कोटांच्या टोपीला आज जी कृत्रिम केसांची झालर असते, ती या झालरीची नक्कल आहे. अमेरिकी लष्कराचा १९५१चा पार्का १९६०च्या दशकात ब्रिटनमधील ‘मॉड’ या फॅशनवेड्या गटातील तरुणांनी स्कूटरवर घालायला घेतला, तेव्हा हा कपडा शिकार आणि युद्ध दोन्हींतून सुटला. ब्रिटिश इंग्रजीत तर ‘अनोरॅक’ म्हणजे आता एखाद्या क्षुल्लक विषयाच्या तपशिलात बुडालेला छांदिष्ट माणूस. असे लेख लिहिणाऱ्यांना तो शब्द लागू पडतो, हे मान्य करतो.

‘जोधपुरी’बद्दल एकच इशारा. मराठीत जोधपुरी म्हणजे बंद गळ्याचा कोट, इंग्रजीत त्याच गावाच्या नावाने मांडीला सैल आणि पोटरीला घट्ट अशी घोडेस्वारीची विजार ओळखली जाते. मूळ लेखात विजार असेल आणि अनुवादात ‘जोधपुरी घातली’ असे आले, तर वाचक माणसाला भलत्याच अर्ध्या भागावर कपडे चढवील.

आता मूळ प्रश्नाकडे. कपडा शिकारीच्या कामाचा असेल तिथे ‘शिकारीचा’, शिकार करणाऱ्या विशिष्ट माणसाचा किंवा समाजाचा असेल तिथे ‘शिकाऱ्याचा’ किंवा ‘शिकाऱ्यांचा’, आणि शिकारीशी फक्त शिवणीपुरते नाते उरले असेल तिथे ‘शिकारी धाटणीचा’ असे लिहावे. ‘धाटणी’ हा शब्द मध्ये घातला की ते दबा धरून बसलेले जॅकेट निमूट खुंटीवर जाते. त्यामुळे अशा लेखातील एखादे वाक्य मी असे लिहीन : ‘शिकारीच्या पारंपरिक पोशाखातूनच आजच्या शिकारी धाटणीच्या कपड्यांचे खिसे, चुण्या आणि रंग आले आहेत.’ अनेकवचनाची एक चूक मात्र टाळावी. ‘इन्युइट शिकारींचे अंगरखे’ असे लिहिले जाते, पण ‘शिकारींचे’ हे ‘शिकार’चे अनेकवचनी रूप आहे, अंगरखे घालणारी माणसे आहेत, म्हणून ते ‘इन्युइट शिकाऱ्यांचे अंगरखे’ असेच हवे.