दुनळी, पण उभी

प्रश्न : वडिलांच्या परवान्यावर रशियन बनावटीची बारा बोरची इझ-२७ आहे. तिच्या नळ्या एकावर एक का आहेत? पुन्हा काडतुसं भरल्यावर कधीकधी चाप ओढूनही बार उडत नाही. आणि ७६ मिमीची काडतुसं सहज बसतात, ती वापरावीत का?

उत्तर : शेवटचं आधी. नळीवर ७० मिमीचा ठसा असेल तर ७६ ची अजिबात वापरू नका. बसतात हाच धोका आहे. काडतुसावरची लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या टोपणाची (काडतुसाच्या नळकांड्याची) असते. न उडालेलं, तोंड दुमडलेलं काडतूस त्याहून आखूड. ते घरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, आरामात शिरतं. पण उडताना तोंड उलगडतं ते पुढच्या निमुळत्या भागात. छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब एकदम चढतो.

बार न उडण्याचं कारण बहुतेक वेळा बिघाड नसतंच. या बंदुकीचा सेफ्टी खटका आपोआप लागतो. वरची कळ फिरवून बंदूक उघडली की तो मागे सरकतो; पुढे ढकलेपर्यंत चाप हलणार नाही.

आता नळ्या. अनातोली क्लिमोव्ह यांनी इझेव्हस्कच्या यांत्रिक कारखान्यासाठी आधी इझ-१२ आखली, तिचीच सुधारित आवृत्ती म्हणजे १९७३ पासूनची इझ-२७. परदेशी ती ‘बायकाल’ नावाने विकली गेली. उभ्या मांडणीत नेम धरताना डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी राहते. शिवाय खालच्या नळीचा धक्का खांद्याच्या रेषेजवळून येतो, त्यामुळे नळीचं तोंड कमी उसळतं. म्हणूनच दोन चापांपैकी पुढचा खालच्या नळीचा. तिचा चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळा) ०.५ मिमी, म्हणजे जवळच्या पक्ष्यासाठी फैलाव मोठा. वरच्या नळीचा १ मिमी, लांबच्या दुसऱ्या बारासाठी. या घट्ट चोकमधून पोलादी छरे मारू नयेत, नळीचं तोंड फुगतं.

नळ्या बंद धरणारं कुलूप बसतं ते नळ्यांखालच्या आकड्यावर (हुकावर). त्यामुळे पेटी (नळ्यांमागचा यंत्रणेचा धातूचा भाग) उंच झाली. रशियातल्याच तुला शहराची टोझ-३४ ही उभी दुनळी हिच्यापुढे सडपातळ दिसते. नाजूकपणात इझ मागेच, पण टिकाऊपणात नाही.

झीज तपासायची तर दोन्ही घरं रिकामी असल्याची खात्री करा, नळीखालचा लाकडी हातधर काढा (तो असला की ढिलाई लपते), बंदूक बंद ठेवून नळ्या धरून हलवा. टकटक जाणवली तर बिजागरी झिजली आहे. परवानाधारक कारागिराला दाखवेपर्यंत बार काढू नका. बिजागरीला आणि आकड्याला ग्रीसचं बोट पुरे. काडतुसाचं घर मात्र कोरडं हवं. तिथे तेल राहिलं तर टोपण भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का कुलपावर येतो.