वाचकांचे प्रश्न : ‘एंड ऑफ द रोड’ चौघांनी गायचं तर

प्रश्न : बॉईज टू मेन या अमेरिकी गायकगटाचं ‘एंड ऑफ द रोड’ सिनेमासाठी केलं होतं की त्यांच्या अल्बमसाठी? माझ्याकडच्या सीडीवर ते आहे, पण मित्र म्हणतो मूळ अल्बममध्ये नव्हतंच. (नाशिक)

मित्राचं बरोबर आहे. ‘कूलीहायहार्मनी’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला, त्यात हे गाणं नव्हतं. बेबीफेस, एल. ए. रीड आणि डॅरिल सिमन्स या तिघांनी ते एडी मर्फीच्या ‘बूमरँग’ (१९९२) या सिनेमाच्या साउंडट्रॅकसाठी लिहिलं. गाणं इतकं गाजलं की १९९३ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती काढताना त्यात ते घालण्यात आलं. तुमच्याकडची सीडी त्या आवृत्तीची असणार.

प्रश्न : हे गाणं अमेरिकेत किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं?

बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३ आठवडे. त्याआधीचा विक्रम एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ मधल्या ‘डोन्ट बी क्रूएल’ आणि ‘हाउंड डॉग’ या जोड-रेकॉर्डचा, ११ आठवड्यांचा होता. काही महिन्यांतच व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ने १४ आठवडे गाठले. तेही सिनेमातलंच गाणं.

प्रश्न : मग ऑस्करचं नामांकन का नाही मिळालं? (ठाणे)

गाणं किती खपलं हा तिथला निकषच नाही. शब्द आणि चाल दोन्ही त्या सिनेमासाठीच नव्याने केलेले हवेत. गाणं सिनेमात नीट ऐकू यायला हवं, आणि ते मुख्य भागात तरी असावं, नाहीतर शेवटची श्रेयनामावली सुरू झाल्यावरचं पहिलं गाणं असावं. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ पहिल्याच अटीवर बाद, कारण डॉली पार्टनने ते सत्तरच्या दशकातच गायलं होतं. अटी पूर्ण झाल्या तरी पुढे अकादमीच्या संगीत शाखेची मतं मिळावी लागतात. त्या वर्षी ऑस्कर ‘अलादीन’मधल्या ‘अ होल न्यू वर्ल्ड’ला गेलं. ‘एंड ऑफ द रोड’ला ग्रॅमी मात्र मिळाली.

बॉयबँडने गायलेल्या सिनेगीताला नामांकन मिळाल्याचं उदाहरण हवं असेल, तर एनसिंक आणि ग्लोरिया एस्टेफान यांचं ‘म्युझिक ऑफ माय हार्ट’ (१९९९) ऐका. नामांकन गायकांच्या नावावर नव्हतं, गीत-संगीतकार डायान वॉरेनच्या नावावर होतं. हा पुरस्कार गाणं लिहिणाऱ्याचा असतो, गाणाऱ्याचा नाही.

प्रश्न : आम्ही चौघे गॅदरिंगला हे गाणं म्हणणार आहोत. तबला, कीबोर्ड आणि गिटार साथीला आहे. प्रत्येकाचा आवाज बरा आहे, पण एकत्र आलो की गोंगाट होतो. शेवटी वाद्यं थांबतात तिथे तर सूर हमखास उतरतो. काय करावं? (कोल्हापूर)

आधी ताल. हे गाणं संथ सिक्स-एटमध्ये, म्हणजे सहा मात्रांच्या पाश्चात्त्य तालात आहे. तबलजीला ‘दादरा’ सांगितलंत तर सहा मात्रा बरोबर पडतील, पण वजन चुकेल. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’ (तालातली बिनवजनाची जागा) येते, म्हणून हात आपोआप हलका पडतो. इथे नेमक्या त्याच चौथ्या मात्रेवर ड्रमसेटमधल्या स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) जोरकस ठोका आहे. ती हलकी झाली की गाण्याचा कणाच जातो. ठेका दादऱ्याचा ठेवा, पण चौथीला भरीव थाप द्यायला सांगा. जमत नसेल तर कहोन (हाताने वाजवायचं लाकडी खोक्याचं तालवाद्य) घ्या. चार मात्रांच्या साच्यात गाणं बसवायला मात्र जाऊ नका, शब्द तुटतात.

पट्टी सर्वांत उंच आवाजावरून ठरवा. गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर त्याने लागोपाठ पाच वेळा लावून पाहावा. तिसऱ्या वेळेपासून गळा आवळत असेल तर अर्धा-अर्धा स्वर खाली या. साधारण तीन अर्धस्वरांच्या खाली गेलात की खर्जातला गडी अडतो, त्याचे खालचे स्वर नुसती हवा होतात. तशा वेळी त्याचे तेवढेच स्वर एक सप्तक वर घ्या, सगळ्यांची पट्टी पुन्हा हलवू नका.

गोंगाटाचं मुख्य कारण बहुतेक वेळा हरकती असतात. आपल्याकडे गाणं शिकलेला मुलगा सरळ स्वरावर थांबत नाही, मींड घेऊन येतो. एकट्याने घेतली तर ती शोभते. चौघांनी एकाच वेळी घेतली की कॉर्ड (एकत्र लागणाऱ्या स्वरांचा मेळ) पुसट होते. म्हणून नियम करा : ज्याच्याकडे मुख्य ओळ आहे त्यानेच हरकत घ्यायची, बाकी तिघांनी स्वर सरळ, बिनकंपाचा धरायचा. कोरसमध्ये मुख्य चाल एकाकडे, तिच्या वरचा सूर दुसऱ्याकडे, खालचा तिसऱ्याकडे आणि कॉर्डचा मूळ स्वर खर्जवाल्याकडे द्या. वरचा सूर धरणाऱ्याने सर्वांत हळू आवाजात गावं, कारण उंच स्वर कानाला तसाही जास्त टोचतो.

शब्दांचे शेवट ठरवून घ्या. ‘रोड’मधला ‘ड’ चौघांनी म्हटला की चार वेळा टकटक ऐकू येते. एकानेच म्हणावा, बाकीच्यांनी ‘ओ’वरच थांबावं. तोंडाचा आकारही चौघांचा सारखाच हवा.

आता वाद्यं थांबतात तो भाग. सूर उतरतो तो दम कमी पडल्यामुळे आणि एकच स्वर पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी किंचित खाली बसल्यामुळे. लांब ओळीत तिघांनी एकाच जागी श्वास घेऊ नये, आळीपाळीने चोरून घ्यावा. खर्जवाल्याने आपला सा पक्का धरावा, आणि इतरांनी मुख्य गायकाकडे कान न देता खर्जवाल्याकडे द्यावा. आणखी एक गोष्ट : कीबोर्डवरचा गंधार नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). वाद्यं असताना कीबोर्डला धरून गा. वाद्यं थांबली की ज्याच्याकडे गंधार आहे त्याने तो केसभर खाली घ्यावा, कॉर्ड लगेच स्थिर होते. तालमीत हा भाग कीबोर्डशिवाय म्हणा आणि शेवटच्या स्वरावर एकदाच कीबोर्डची पट्टी दाबून पाहा. किती उतरलात ते तिथेच कळेल. कार्यक्रमात या भागानंतर वाद्यं परत आणू नका, आवाजांवरच गाणं संपवा.

मधला खर्जातला बोलण्याचा भाग मूळ गाण्यात गटातल्या खर्जगायक मायकल मॅक्कॅरीने केला आहे. त्यासाठी माईक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणि जरा तिरका धरावा. जवळ धरल्याने खर्ज भरतो, तिरका धरल्याने ‘प’, ‘ब’ फुटत नाहीत. साउंडवाल्याला त्या माईकचा लो-कट (खालचे स्वर कापणारं बटण) बंद करायला सांगा. आणि एको पूर्ण काढायला लावा, ही विनवणी आहे. त्या ओळी कुजबुजीसारख्या जवळून यायला हव्यात, एको लागला की त्या मैदानातल्या घोषणेसारख्या वाटतात.

मूळ गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं आहे. वेळ चारच मिनिटं असेल तर उत्तरार्धातले कोरस कमी करा. बोलण्याचा भाग आणि वाद्यांविना शेवट यांना कात्री लावू नका.

प्रश्न : यासाठी परवानगी लागते का?

कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थी गात असतील आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे) खाली सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत तर ती सूट संपते, मग आयोजकांनी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना काढावा. कराओके ट्रॅक वापरला तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. व्हिडिओ यूट्यूबवर टाकताना या कायदेशीर सवलतीचा उपयोग नाही. तिथे दावा येऊ शकतो, आणि बऱ्याचदा त्याचा परिणाम एवढाच असतो की जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात.