सेल्समधून शिरलो तर फंड मॅनेजर होता येईल का?

प्रश्न : मॅडम, मी ३२ वर्षांचा, एमबीए. विश्रामबागेत एका खासगी बँकेच्या वेल्थ विभागात रिलेशनशिप मॅनेजर आहे. डॉक्टर, हळदीचे व्यापारी, द्राक्ष बागायतदार हे माझे ग्राहक. म्युच्युअल फंड आणि पीएमएस (बड्या ग्राहकाचा वेगळा पोर्टफोलिओ सांभाळायची सेवा) विकून कंटाळलोय, मुंबईत हेज फंडात जायचंय. मित्र म्हणतात, आधी सेल्समध्ये शीर, मग फंड मॅनेजरच्या खुर्चीकडे सरकता येईल. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) करू का? होम लोनचा हप्ता चालू आहे आणि बायको साशंक आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : मित्रांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नाही. आपल्याकडचा हेज फंड म्हणजे सेबीच्या २०१२ च्या नियमांतला तिसऱ्या श्रेणीचा एआयएफ, म्हणजे मोजक्या श्रीमंतांचा पैसा एकत्र करून चालवलेला पर्यायी गुंतवणूक निधी. त्यात किमान १ कोटी घालावे लागतात आणि तेवढे घालू शकणारी माणसं तुमच्यासमोर रोज बसतात. पीएमएससाठी ५० लाखांचा चेक घेणाऱ्याला सेल्समध्ये घेतील की! पण तिथून खुर्चीकडे सरकलेले मी मुंबईच्या नोकरीत फार थोडे पाहिले. पैसा आणणाऱ्या माणसाला त्या कामावरून कोण उठवेल? (आणि ग्राहक बँकेचे आहेत, बरं का. त्यांची यादी खिशात घालून निघालात तर आधी वकील शोधावा लागेल.)

खुर्चीच हवी असेल तर रिसर्चच्या दाराने जा. तिथे असले प्रश्न येतात : ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, साखरेचे शेअर आपटले. १५ तारखेला मनाई थोडी सैल झाली. त्या आठवड्यात तुम्ही काय विकलं असतं, काय घेतलं असतं, आणि अंदाज फसला तर कोणत्या भावाला बाहेर पडला असता? वेल्थमध्ये ‘लाँग टर्म धरून ठेवा, सर’ म्हटलं की भागतं. इथे शॉर्टही करायचं असतं (भाव पडेल म्हणून आधी विकायचं, मग घ्यायचं), एनएव्हीच्या, म्हणजे फंडाच्या निव्वळ मालमत्तेच्या, दुपटीपर्यंत पोझिशन घेता येते आणि नफातोटा रोज संध्याकाळी समोर येतो.

तुम्ही तर उसाच्या आणि हळदीच्या गावात बसलाय. मार्केट यार्डातले तुमचे जे ग्राहक एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) विकून गोदामातल्या मालाचा भाव बांधून ठेवतात, त्यांच्याशी एकदा फॉर्म पुढे न सरकवता बोला. हजर मालाचा भाव आणि वायद्याचा भाव यांतलं अंतर कधी वाढतं, कधी मिटतं, हे ते चहा संपायच्या आत सांगतील. २०१७ पासून तिसऱ्या श्रेणीच्या फंडांना कमोडिटी वायद्यांत उतरता येतं, त्यामुळे ही माहिती कामाची आहे. त्यावर दोन-तीन टिपणं लिहा, तारीख आणि भाव टाकून. फसलेलं टिपण काढून टाकू नका. मुलाखतीत मी तेच आधी मागितलं असतं.

सीएफएच्या तीन पातळ्या आहेत. पहिली द्या, ताळेबंद वाचायची सवय लागेल. पुढचं नोकरी लागल्यावर बघू.

आता हप्ता. फंडातला मोठा बोनस परफॉर्मन्स फीमधून, म्हणजे नफ्यावर फंड घेतो त्या वाट्यातून येतो. बऱ्याच फंडांत हाय वॉटर मार्क असतो : एनएव्ही खाली आली की जुना उच्चांक ओलांडेपर्यंत ती फी बंद. म्हणजे फंड तोट्यात गेला त्या वर्षी तुमचं काम चोख असूनही बोनस शून्य असू शकतो. तेव्हा बायकोला नव्या नोकरीचा आकडा सांगाल तो बोनस वगळून, मुंबईचं घरभाडं वजा करून सांगा. त्यावर ती ‘हो’ म्हणाली तर राजीनामा लिहा.