प्रश्न तुमचे, उत्तर अनुभवाचं : स्कूटरच्या बॅटरीवरून विमानाच्या बॅटरीकडे

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं, फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर) मी काही वर्षं लिहितो आहे. विजेवर उडणारी विमानं तयार करणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा झाली आहे. प्रोग्रामिंगची भाषा तीच सी, यंत्रांना आपसात जोडणारी संदेशवाहिनी तीच कॅन, सेलही लिथियम-आयनचेच. मग फरक काय पडणार? एक सहकारी म्हणतो, ‘तिथे कोड कमी आणि कागद जास्त.’ शिवाय मी विमानशास्त्र शिकलेलो नाही. जावं का?
– एक वाचक

उत्तर : मीही आधी गाड्यांसाठीच कोड लिहायचे. आता विमानाच्या बॅटरी पॅकचं सॉफ्टवेअर लिहिते. तुम्ही सांगितलेली साम्यं खरी आहेत, पण फरक त्यांच्या पलीकडे आहे.

स्कूटरमध्ये काही संशयास्पद दिसलं की तुमचा कोड काय करतो? कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, उघडतो, वीज तुटते, गाडी कडेला थांबते. ‘शंका आली की बंद कर’ हे तिथे शंभर टक्के योग्य आहे. विमान नुकतंच जमीन सोडून वर चढत असताना तोच कोड चालला, तर तुम्ही सुरक्षेच्या नावाखाली इंजिनच बंद केलंत. हवेत ‘थांबणं’ नावाची सुरक्षित अवस्था नसते. माझ्या मते या कामाचं सगळं अवघडपण इथून सुरू होतं.

एक प्रसंग घ्या. उड्डाणात एका सेलचा व्होल्टेज एकाएकी शून्य दिसायला लागला. सेल गेला, की मोजणारी तार तुटली? दोन शेजारी सेलच्या मधली तार सहसा सामायिक असते. ती तुटली, तर एकाचा आकडा कोसळताना शेजारच्याचा अवाजवी वर जातो. सेल खरोखर गेला असेल, तर शेजारी जागेवर राहतो आणि वेगळ्या सर्किटने मोजलेला पॅकचा एकूण व्होल्टेजही उतरतो. हे ताडून पाहायला फार थोडा वेळ मिळतो. त्यानंतरही बहुतेक वेळा उत्तर ‘तोड’ हे नसतं. वैमानिकाला इशारा द्यायचा, किती शक्ती शिल्लक आहे ते सांगायचं आणि वीज चालू ठेवायची. तोडायचंच असेल, तर दुसरा पॅक भार घेऊ शकतो याची खात्री आधी करायची. पिपिस्ट्रेलचं व्हेलिस इलेक्ट्रो हे दोन आसनी विमान बघा. जून 2020 मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेकडून टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या त्या प्रकाराला मिळणारी अधिकृत मान्यता) मिळवणारं ते पहिलं इलेक्ट्रिक विमान. त्यात दोन पॅक आहेत. एक बिघडला तर तो आपोआप बाजूला होतो आणि उरलेल्या एकावर चढाईसुद्धा करता येते. तोडण्याची मुभा सॉफ्टवेअरला मिळते ती या रचनेमुळे.

‘फेलसेफ’, म्हणजे बिघडलं की आपोआप सुरक्षित अवस्थेत जाणारं, या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने बोइंग 787 बद्दल एक आदेश काढला. त्या विमानाची जनरेटर नियंत्रक युनिट्स सलग 248 दिवस चालू राहिली, तर आतला सॉफ्टवेअर काउंटर ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे मोजण्याची मर्यादा ओलांडून, युनिट फेलसेफ अवस्थेत जायचं. मुख्य जनरेटरची चारही युनिट्स एकाच वेळी चालू केलेली असतील, तर चारही एकदमच जाणार आणि एसी वीज पूर्ण बंद. गणित स्वतः करून पाहा : 32 बिटांच्या साइन्ड (अधिक-उणे दोन्ही मोजणाऱ्या) पूर्णांकात सेकंदाचे शंभरावे भाग मोजत गेलात, तर तो 248 दिवस उलटल्यावर भरतो. चार युनिट्स होती, पण चुकीची ओळ चौघांत एकच होती.

आता कागदांबद्दल. सहकारी खोटं बोलत नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीचं डीओ-178सी हे मानक ए ते ई अशा पातळ्या ठरवतं. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने विमानच जाऊ शकतं ते ‘ए’. तिथे प्रत्येक आवश्यकतेपासून (सॉफ्टवेअरने काय करायला हवं, त्यापासून) कोडच्या ओळीपर्यंत आणि चाचणीपर्यंत माग दाखवावा लागतो. एका ‘इफ’मध्ये तीन अटी असतील, तर त्यातली प्रत्येक अट एकटीच्या बळावर निकाल बदलते हे सिद्ध करायचं, त्याला किमान चार चाचण्या लागतात. मला हा कागद कधी ओझं वाटला नाही. वर सांगितलेला सेलचा प्रसंग कोडच्या आधी कागदावरच सुटतो. पण दर आठवड्याला नवीन व्हर्जन गाड्यांवर पाठवण्यात तुमचा जीव रमत असेल, तर इथे घुसमट होईल. एक स्थिरांक बदलला तरी त्याचा परिणाम कुठे कुठे पोचतो याचं विश्लेषण आधी लागतं.

काम मात्र फार सुंदर आहे. उभं उतरणाऱ्या विमानाचंच घ्या. त्याला उतरतानाही प्रचंड शक्ती लागते, म्हणजे नेमकी बॅटरी सर्वांत रिकामी असताना. तेव्हा ‘20 टक्के चार्ज शिल्लक’ या आकड्याचा उपयोग थोडा. आत्ता किती किलोवॉट मिळतील आणि किती सेकंद, हे सांगावं लागतं. सेल थंड असेल, जुना असेल, तर अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि भार येताच व्होल्टेज खाली बसतो. हा अंदाज नीट बांधणारी माणसं कमी आहेत. सेलचं वागणं रोज पाहिलेला तुमच्यासारखा माणूस इथे हवाच आहे.

विमानशास्त्राची पदवी आड येणार नाही. उड्डाणाचे टप्पे आणि प्रत्येकात किती शक्ती लागते एवढं समजून घ्या, बाकी काम करताना येतं.

मुलाखतीत दोन गोष्टी जरूर विचारा : तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या पातळीचं आहे, आणि कोड लिहिणारा व तो तपासणारा वेगवेगळे असतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर जाऊ नका. जाण्याआधी तुमच्या स्कूटरचा फॉल्ट टेबल, म्हणजे कोणत्या बिघाडाला काय करायचं याचा तक्ता, डोळ्यांसमोर आणा आणि जिथे जिथे ‘कॉन्टॅक्टर उघड’ येतं, तिथे विमान शंभर मीटरवर आहे असं धरून दुसरं काय करता येईल ते लिहून काढा. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर न नेता त्यातली तीन-चार उदाहरणं मुलाखतीत मांडलीत, तर पुढची चर्चा त्यावरच होईल.